साहजिक आहे, म्हणून उपचार नकोत?

सोलापुरात कॅन्सरविषयी बोलायला माणसं आता पूर्वीइतकी बिचकत नाहीत. व्याख्यानाला हा विषय ठेवला की सभागृह भरतं आणि प्रश्नोत्तरं लांबतात. अशाच एका कार्यक्रमात एका मुलानं विचारलं, ‘आईची केमो चालू आहे. ती बोलेनाशी झालीय, कशातच लक्ष घालत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू का?’ सभागृहाचे लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, कॅन्सर झाल्यावर माणूस उदास होणारच, त्यात आजार कसला? आधीच एवढ्या गोळ्या चालू आहेत, त्यात आणखी एकीची भर कशाला? दुसरा तट म्हणाला, तिला सकारात्मक राहायला सांगा, मन खंबीर असलं की कॅन्सर हरतो. बराच वेळ दोन्हीकडून आवाज चढत राहिले. त्या मुलाला मात्र उत्तर मिळालंच नाही. हा वाद घराघरांत, वॉर्डाबाहेरच्या बाकांवर, नातेवाइकांच्या फोनवर रोज चालतो आणि बहुतेक वेळा असाच चुकीच्या वाटेनं जातो.

माझं म्हणणं आधीच सांगते. कॅन्सरच्या पेशंटला होणारं नैराश्य हा कॅन्सरच्या जोडीनं येणारा, पण त्याच्याहून वेगळा आजार आहे. तो ओळखता येतो आणि त्यावर इलाज आहे. तो इलाज जिथं केमो-रेडिएशन चालतं तिथंच मिळायला हवा. कशासाठी करायचा? पेशंटला त्रास होतोय म्हणून. मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

‘उदास होणारच’ म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं पूर्ण खरं आहे. दुःख हा आजार नाही. छातीत गाठ निघाली, जबड्याचं ऑपरेशन झालं, केस गळले, कामावरची जागा गेली, मुलीचं लग्न पुढं ढकललं, तर माणूस रडेल, चिडेल, रात्र रात्र जागेल. अशा प्रत्येकाच्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवणं हा अन्यायच होईल. पण मग प्रश्न असा, की नैराश्य ही कॅन्सरची अटळ सावली असेल तर ती प्रत्येकावर पडायला हवी. तशी पडते का? जगभरच्या 94 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रश्नावली भरून घेण्यावर न थांबता ज्यात पेशंटची प्रत्यक्ष मुलाखत घेतली होती, असेच अभ्यास त्यात होते. निष्कर्ष असा, की साधारण सहा पेशंटांमागे एकाला नैराश्याचा आजार असतो. उरलेले पाच जण तोच कॅन्सर सोसतात, दुःखी असतात, पण त्यांना हा आजार नसतो. म्हणजे ‘साहजिक आहे’ हे त्या पाचांबद्दल बरोबर आहे. आपण ते सहाव्यालाही ऐकवतो आणि तिथं चुकतो.

सहावा ओळखायचा कसा? इथं अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. भूक मरणं, वजन उतरणं, थकवा, झोप न लागणं ही नैराश्याची लक्षणं, आणि नेमकी हीच कॅन्सरची आणि केमोचीही. त्यामुळे चांगले डॉक्टरही चकतात. म्हणून जाणकार शरीराच्या तक्रारी थोड्या बाजूला ठेवून मनाच्या खुणा बघतात. दुःखी माणसाचं दुःख भरती-ओहोटीसारखं असतं. नातू मांडीवर येऊन बसला की चेहरा उजळतो, शेजारीण आली की गप्पा रंगतात, रडून झालं की ‘आज भाजी कुठली आणली?’ असा प्रश्न येतो. नैराश्यात ओहोटी येते आणि तशीच राहते. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, आवडीचं काहीच आवडत नाही. सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, असं किती घरांत दिसतं! आयुष्यभर पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून घर चालवलेली बाई. उपचार चालू असतानाही ‘बसल्या जागी थोड्या वळते’ म्हणून सूप मांडीवर घेणारी. ती एक दिवस सूप बाजूला सारते आणि परत हात लावत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. असेलही. पण ती जेव्हा ‘माझ्यामुळं पोरांवर कर्ज झालं’, ‘मागच्या जन्माचं पाप फेडतेय’, ‘आता जगून काय करायचं’ असं पुन:पुन्हा बोलू लागते, तेव्हा ते अशक्तपणाचं बोलणं राहत नाही. स्वतःला ओझं समजणं, नसलेला दोष स्वतःवर घेणं, उद्याची काहीच अपेक्षा न उरणं, या खुणा केमोच्या औषधानं येत नाहीत. मावा-गुटखा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेल्या पुरुषांमध्ये तर हा दोष घेण्याचा भाग फार खोल असतो, कारण घरदार आणि गाव त्याला रोज तेच ऐकवत असतं.

‘अमुक रोगात तमुक होणारच’ हा युक्तिवाद आपण या देशात एकदा फार महागात चालवून पाहिलेला आहे. कॅन्सर म्हटलं की दुखणारच, असं डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली वेदनाशमनाची पायरी-पायरीची पद्धत सांगितली आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन हे त्यातलं मुख्य औषध होतं. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 मध्ये, अमली पदार्थांविरोधी कायदा झाला. त्यातल्या परवान्यांच्या जाळ्यामुळे आणि शिक्षेच्या धाकामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. जगाच्या औषधांसाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या देशात कॅन्सरचे पेशंट विव्हळत मेले. कायद्यात दुरुस्ती व्हायला 2014 साल उजाडलं. मधल्या तीन दशकांत त्या वेदनेला ‘साहजिक’ म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती. जे सगळ्यांना दिसतं त्यावर इलाज नसतोच, असं त्यांनी धरून चाललं होतं, इतकंच. आज कॅन्सर दुखतो म्हणून वेदनेचं औषध नको, असं कुणी म्हणेल का? मग कॅन्सरमुळे नैराश्य आलं म्हणून नैराश्याचं औषध नको, हे कुठल्या न्यायानं? कारण कळलं म्हणून इलाजाची गरज संपत नाही. पाय घसरून हाड मोडलं हे कळल्यावर कुणी प्लास्टर नाकारत नाही.

आता दुसरी बाजू. ‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. त्यांच्या मागं एक काळ विज्ञानही उभं होतं. 1989 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या स्त्रिया गटानं बसून मोकळं बोलत होत्या, त्या इतरांपेक्षा जवळपास दुप्पट जगल्याचं दिसलं. बातमी जगभर गेली आणि मनानं कॅन्सर हरतो हा समज पक्का झाला. पण तोच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर, 235 स्त्रियांवर, कॅनडात झाला. 2001 मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की आयुष्य वाढलं नाही. मात्र मनाचा त्रास कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं. पहिला भाग ऐकून निराश होण्याआधी दुसरा भाग नीट वाचायला हवा. ज्या बाईच्या हाती वर्ष-दीड वर्ष उरलंय, तिचं ते वर्ष कमी दुखण्यात आणि कमी काळोखात जाणं ही लहान गोष्ट आहे का?

सकारात्मकतेच्या आग्रहाची दुसरी बाजू क्रूर आहे, आणि ती बोलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मनानं कॅन्सर हरतो असं एकदा मानलं, की ज्याचा कॅन्सर वाढला त्याचं मन कमी पडलं असा अर्थ आपोआप निघतो. पेशंटला तो बरोबर ऐकू जातो. मग ती घरच्यांसमोर हसते, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवते, भेटायला येणाऱ्यांना ‘मी एकदम ठणठणीत’ म्हणते आणि भीती कुणालाच सांगत नाही. नैराश्याच्या आजारात इच्छाशक्तीच दुबळी होते. तिथं ‘इच्छाशक्ती वापर’ म्हणणं म्हणजे मोडलेल्या हातालाच वजन उचलायला सांगणं. अर्धवट केमो सोडून देणाऱ्या पेशंटला आपण हट्टी म्हणतो, अडाणी म्हणतो. वेगवेगळ्या आजारांवरचे अभ्यास एकत्र करून 2000 साली झालेल्या एका विश्लेषणात आढळलं, की नैराश्य असलेले पेशंट डॉक्टरांचा सल्ला न पाळण्याची शक्यता इतरांपेक्षा तिप्पट असते. त्या हट्टी म्हटलेल्या माणसांपैकी कितीजणांना कुणी मनाबद्दल एक प्रश्न तरी विचारला होता?

औषधांविषयीची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. तिच्यात तथ्य आहे. फक्त कॅन्सरच्या पेशंटांवर नैराश्याच्या गोळ्यांचे जे प्रयोग झालेत ते थोडे आणि लहान आहेत. त्यांवरून ठाम बोलणं अवघड आहे, असं त्यांचा आढावा घेणारेच म्हणतात. काही गोळ्या कॅन्सरच्या औषधाच्या आड येतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन शरीरात बदलूनच कामाचं होतं, आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या त्या बदलाला अडथळा आणतात. म्हणून अशा पेशंटला दुसरी गोळी निवडावी लागते, आणि अशा गोळ्या उपलब्ध आहेत. मर्टाझापिनसारखी एखादी गोळी झोप आणि भूक दोन्ही सुधारते, त्यामुळे खंगलेल्या पेशंटला ती कधी कधी जास्त जुळते. सवय लागण्याची जी भीती लोकांना वाटते ती झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत खरी आहे. नैराश्याच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण त्या एकदम बंदही करायच्या नसतात. या सगळ्यातून काय निघतं? गोळी नको, हे नाही निघत. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली गोळी नको आणि कॅन्सरची फाइल न वाचता लिहिलेली चिठ्ठी नको, हे निघतं. शिवाय गोळीच्याही आधी बघायच्या गोष्टी आहेत. मळमळ थांबवायला केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडनं मूड बिघडू शकतो. मानेवर रेडिएशन झालं की काही काळानं थायरॉइड मंदावतो आणि माणूस सुस्त, उदास होतो. रक्तात कॅल्शियम वाढलं तरी तसंच दिसतं. वेदना नीट आटोक्यात नसेल तर कुठलंच मन ताळ्यावर राहत नाही. हे सगळं तपासायला कॅन्सरचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर एकमेकांशी बोलणारे हवेत.

आपल्याकडचा सगळ्यांत भावनिक आक्षेप वेगळाच आहे. परदेशात माणसं एकटी असतात, त्यांना तज्ज्ञ लागतो. आपल्याकडे घर आहे, पांडुरंग आहे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं राहून या शब्दांची ताकद मी नाकारू शकत नाही. भजनी मंडळातल्या बायका एकीच्या केमोच्या दिवशी आळीपाळीनं तिच्या घरी भाकऱ्या थापून ठेवतात. असली सोबत कुठल्याही दवाखान्यात विकत मिळत नाही. पण नैराश्य नेमकं काय हिरावून घेतं ते बघा. वर्षानुवर्षं पायी आषाढीला गेलेली बाई हातात माळ घेऊन बसते आणि तिचं बोट पुढं सरकत नाही. ‘देव माझं ऐकत नाही’ असं नाही म्हणत ती. ‘मला आता हाक मारावीशीच वाटत नाही,’ असं म्हणते. श्रद्धेचा आधार घेण्याची शक्तीच आजारानं खाल्लेली असते. अशा बाईला उपचार देणं म्हणजे तिला तिच्या देवाकडे परत जाता येईल इतकं बळ देणं. इथं श्रद्धा आणि उपचार यांत भांडण आहेच कुठं?

घराचं म्हणाल तर घर आधार देतं आणि तेच घर कधी कधी तोंडही बंद करतं. ‘पेशंटला सांगू नका डॉक्टर’ हे वाक्य आपल्या प्रत्येक कॅन्सर वॉर्डात ऐकू येतं. याला आपली संस्कृती म्हणून मोकळं होता येणार नाही. 1961 मध्ये अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं तेव्हा दहातल्या नऊ जणांनी कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगत नसल्याचं म्हटलं होतं. 1979 मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा शंभरातले सत्त्याण्णव सांगत होते. अठरा वर्षांत तिकडची माणसं बदलली नाहीत, शिरस्ता बदलला. पेशंटला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. रेडिएशनच्या रांगेत शेजारी बसलेला माणूस सगळं सांगतो. मग तिला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, आणि दोघंही एकमेकांपासून लपवतात. या कोंडीत ती आपली भीती बोलणार कुणाशी?

राहिला पैशाचा आणि माणसांचा मुद्दा. तो सगळ्यांत वजनदार आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नाहीत. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याहून एसटीनं केमोला येणाऱ्या माणसाला आठवड्यातून आणखी एक दिवस मोडून मानसोपचाराला ये म्हणणं म्हणजे येऊ नको म्हणणंच. फक्त प्रश्नावली भरून घेऊन पेशंटला घरी पाठवलं, तर त्यानं कुणाचंच नैराश्य कमी होत नाही, हेही खरं. पण तज्ज्ञ नाहीत म्हणून काहीच होत नाही, हे मी मानणार नाही. स्कॉटलंडमध्ये आरोग्यसेवा मोफत आहे. तिथं कॅन्सर क्लिनिकमधल्या एकवीस हजारांवर पेशंटांची चाचणी केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी 73 टक्के लोकांना पुरेसे उपचार मिळत नव्हते. डॉक्टर होते, पैसा होता, विचारलं कुणी नव्हतं. मग त्यांनी कॅन्सर वॉर्डातल्याच नर्सना शिकवलं, मागं एक मनोविकारतज्ज्ञ ठेवला, बोलण्याचे उपचार आणि गरज पडेल तिथं गोळ्या यांची सांगड घातली. 500 पेशंटांवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2014 साली आले. सहा महिन्यांनी नर्सच्या गटातल्या 62 टक्के पेशंटांचा त्रास निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आला होता. नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 17 टक्के होतं. पुढं आयुष्यमानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही हा प्रयोग मला यशस्वीच वाटतो. मॉर्फिननं आयुष्य वाढतं का, असं आपण विचारत नाही.

स्कॉटलंड लांब वाटत असेल तर गोव्याकडे बघू. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. त्यांच्या मोजक्या बैठकांनी तीव्र नैराश्यही कमी होतं, हे 2017 सालच्या प्रयोगात दिसलं. ते पेशंट कॅन्सरचे नव्हते, हा फरक मान्य. आणि गोव्याच्याही जवळ आपली बार्शी आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी 1987 साली बार्शीत सुरू झाली. खेड्यातली माणसं दवाखान्यात येणार नाहीत म्हणून नोंदणीची माणसं बार्शी, परंडा, भूमच्या गावागावांत गेली. पुढं शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियलच्या सहभागानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रयोग झाला. त्यात 1,31,746 स्त्रिया होत्या. खेड्यातल्या बायका अशी तपासणी करून घेतील यावर किती जणांचा विश्वास होता? त्यांनी करून घेतली. 2009 साली त्यातून जगाला कळलं, की हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आणू शकते. ज्या भागानं हे करून दाखवलं, त्या भागाला केमोच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारणं जड जावं?

प्रश्न खरोखर दोनच आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न, हताश वाटलं का? कुठल्या कामात गोडी वाटेनाशी झाली का? दर केमोला वजन आणि बीपी लिहिताना सिस्टरनं हे विचारायचं आणि केसपेपरवर उत्तर लिहायचं. सोलापुरात ते मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि उर्दूतही विचारता यायला हवं. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातली आजी आपल्या जीवाचं दुःख परक्या भाषेत सांगणार नाही. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं संभाषण त्याच इमारतीत, त्याच दिवशी व्हायला हवं. आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून आहे. तिथल्या मनोविकार विभागातला एक डॉक्टर आठवड्यातून एक दिवस कॅन्सरच्या ओपीडीत बसला आणि दोन-तीन सिस्टर त्याच्या हाताखाली तयार झाल्या, तर सुरुवात होते. गावी गेलेल्या पेशंटशी पुढचं बोलणं फोनवर होऊ शकतं. महात्मा फुले योजनेची पॅकेजेस मुख्यतः ऑपरेशन, केमो, रेडिएशनवर बेतलेली आहेत. सिस्टरनं अर्धा तास बसून बोलणं हाही त्या पॅकेजचाच भाग धरला पाहिजे. मानसिक आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्या, असं 2017 चा कायदा सांगतो. त्या आधारावर ही मागणी आमदार-खासदारांकडे नेता येते.

आणि हे ‘आधी कॅन्सर बरा होऊ दे, मनाचं नंतर बघू’ असं ठेवून चालत नाही. स्वीडनमधल्या साठ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून 2012 साली निघालेला निष्कर्ष आहे. कॅन्सरचं निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्यांच्या तुलनेत बारापटींहून जास्त होता. म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो आणि घरचे मुंबईला न्यायचं की इथंच करायचं याच्या धावपळीत असतात, तेव्हा. त्या दिवसांत पेशंटला एकटं ठेवू नका. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारणारं कुणी भेटलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. रात्री-अपरात्री वेळ आली तर 14416 हा टेली मानस या सरकारी सेवेचा मोफत नंबर आहे, तो मराठीतही बोलतो. आणि पुढच्या केमोला जाल तेव्हा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, उलट्या किती झाल्या हे सांगून झाल्यावर ती किती दिवस कुणाशी बोललेली नाही, तेही सांगा.